ओढ्यात मी, लिफ्टवर तो

आम्ही दोघंही स्कीइंग शिकलो ते पस्तिशी उलटल्यावर. नवरा जर्मनीत वोल्फ्सबुर्गला गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर आहे, मी ट्रेनने हॅनोव्हरला जाऊन सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. मुलगी शाळेच्या सहलीत हार्त्सच्या डोंगरात स्की करायला शिकून आली आणि तिच्या नादाने आम्हीही शिकलो. नवरा भराभर शिकला. मी हळूहळू, आणि मुख्यतः पडायच्या भीतीमुळे. पडायचं नाही म्हणून मी नीट वळायला शिकले, नीट थांबायला शिकले. तो म्हणायचा, "तू ब्रेकवर पाय ठेवूनच गाडी चालवतेस." त्यात खोटं काही नव्हतं.

त्या फेब्रुवारीत आम्ही दक्षिणेला, आल्प्सच्या पायथ्याशी ऑल्गॉयमध्ये एक छोटं घर आठवडाभरासाठी भाड्याने घेतलं होतं. सासूबाई पुण्याहून बर्फ बघायला आल्या होत्या, त्याही बरोबर होत्या. मुलगी सकाळी तिच्या स्की-शाळेत जायची, सासूबाई खिडकीशी बसून बर्फ काढणाऱ्या गाड्या बघत स्वेटर विणायच्या, आणि आम्ही दोघं डोंगरावर.

एका रात्री खूप बर्फ पडला. सकाळी उठलो तर आमच्या गाडीच्या जागी नुसता एक पांढरा उंचवटा. चहा पिता पिता नवरा म्हणाला, "आज झाडांमधून खाली येऊ."

"तिथे पिस्ट नाही ना, आखून दिलेला उतार."

"पिस्ट नाही म्हणूनच तर जायचं. असा भुसभुशीत बर्फ परत कधी मिळणार?"

कितीतरी दिवस तो याचे व्हिडिओ बघत होता. जोडीने कसं उतरायचं, हे त्याने मला पोहे खाता खाता समजावून सांगितलं. एकाने थोडं खाली जायचं, थांबायचं, वर बघायचं. मग दुसऱ्याने यायचं. एकमेकांच्या नजरेआड कधीच व्हायचं नाही. खोलगट जागेत, ओढ्या-ओहोळांच्या बाजूला जायचं नाही, कारण वरून बर्फ सपाट दिसला तरी खाली पाणी वाहत असतं आणि मधे पोकळी असते. सगळं बरोबर सांगत होता. सासूबाई म्हणाल्या, "तिला सोडून पुढे पळू नकोस म्हणजे झालं." तो हसला. "आई, मी कुठे पळणार?"

मला जायचं नव्हतं. पण नको म्हटलं असतं तर त्याचा चेहरा दिवसभर उतरलेला राहिला असता, आणि सासूबाईंसमोर तो उतरलेला चेहरा मला नको होता. मी गेले.

सुरुवात खरोखर सुंदर होती. गुडघ्यापर्यंत बर्फ, आणि स्कीचा आवाजच येत नव्हता. त्याच्या नारिंगी जॅकेटवर नजर ठेवून मी उतरत होते. पहिल्यांदा तो थांबला, वर बघितलं, हात केला. दुसऱ्यांदाही थांबला. तिसऱ्यांदा मी पोचायच्या आतच निघाला. त्यानंतर झाडांमधून नुसतं नारिंगी काहीतरी दिसायचं, आणि मग तेही दिसेना. मी त्याच्या स्कीच्या खुणांवरून जात राहिले.

त्या खुणा एका उथळ खोलगट भागातून पलीकडे गेल्या होत्या. तो वेगात होता, सरळ पार झाला असणार. मी मात्र मधोमध थांबले. तो कुठे गेला ते बघायला थांबले. मान वर करून झाडांमध्ये नारिंगी रंग शोधत होते, आणि पायाखालचा बर्फ गेला.

आवाज फारसा झाला नाही. मी उभीच्या उभी खाली गेले आणि बुटांना काहीतरी आपटलं. डोक्याच्या वर खड्ड्याची कडा होती. खाली पाणी वाहत होतं, घोट्याच्या वर, आणि त्याचा आवाज आता एकदम स्पष्ट येत होता, स्वयंपाकघरातला नळ उघडा राहिल्यासारखा. एक स्की निघून गेली होती. दुसरी बुटासकट एका आडव्या ओंडक्याखाली अडकली होती. खाली वाकून ती सोडवायला गेले की वरून बर्फ मानेवर कोसळायचा. कडेला हात घातला की कड तुटून हातात यायची. दोन-तीनदा तसं झाल्यावर मला कळलं की मी जेवढी धडपड करीन तेवढी स्वतःला पुरत जाईन. फोनला रेंज नव्हती.

मी त्याला हाका मारल्या. आधी नेहमीच्या आवाजात, घरात आतल्या खोलीत मारतो तशा. मग मोठ्याने. बर्फात आवाज कुठे जातच नाही. मग सॅकच्या छातीवरच्या पट्ट्याची आठवण झाली. त्याच्या बकलमध्येच एक शिट्टी असते. सॅक घेतली त्या दिवशी मुलीने ती शोधून काढली होती आणि घरभर वाजवली म्हणून ओरडा खाल्ला होता. ओठ बधिर झाले होते, पण शिट्टी वाजली. वाजवत राहिले. पाय आधी दुखत होते, मग दुखायचे थांबले, आणि ते जास्त भयंकर वाटलं. त्या भीतीत मला लघवी झाली. सगळी भिजलेलीच होते, कुणाला कळलं नसतं. मला कळलं.

बऱ्याच वेळाने वरून माणसांचे आवाज आले. एक बाई ओरडायची, "हॉप!" आणि लांबून एक पुरुष उत्तर द्यायचा, "या!" म्हणजे जर्मनमध्ये हो. थोड्या वेळाने परत तसंच. नंतर समजलं की ती दोघं उतरताना कायम अशीच एकमेकांना हाक देतात. दर काही वळणांनी एकजण थांबणार, हाक देणार, उत्तर आल्याशिवाय पुढे जाणार नाही. त्या थांबण्यातच त्यांना माझी शिट्टी ऐकू आली.

साठी उलटलेलं जोडपं होतं. कुणीही धावत कडेशी आलं नाही. बाई वरच्या बाजूला थांबली आणि ओरडून म्हणाली, "हलू नका. आम्ही दिसतोय का? माझ्याकडे बघत राहा." मग ती स्की आडव्या टाकून त्यांच्यावर पालथी पडली आणि सरपटत पुढे आली. तिचा नवरा मागे, झाडाला टेकून, तिच्या कमरेला बांधलेला पट्टा धरून. तिने फावड्याने बाजूने बर्फ कापत उतार केला, माझ्या अंगावर पडणार नाही असा. वाकून काठीने माझ्या बुटामागचं बाइंडिंग, म्हणजे स्कीची पकड, दाबलं, पाय सुटला. काखेतून पट्टा घातला आणि दोघांनी मला ओढलं, मागून ती अडकलेली स्कीही काढली. मी बर्फावर पालथी पडले. बाईने माझी पाठ चोळली आणि विचारलं, "तुमच्याबरोबर कोण आहे?"

"नवरा. तो खाली आहे. मीच त्याला पुढे जा म्हटलं होतं."

हे वाक्य तोंडातून किती सहज गेलं. अजून धड श्वास घेता येत नव्हता, दात वाजत होते, आणि मी त्याची बाजू सावरत होते. बाई माझ्याकडे बघून म्हणाली, "ते मी नाही विचारलं."

तिथून जंगलातला गाडीरस्ता जवळ होता. पुरुषाने माझी उरलेली स्की खांद्यावर घेतली, बाईने माझा दंड धरला आणि आम्ही चालत खाली, डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टशी पोचलो. तिथल्या कपडे बदलायच्या खोलीत तिने स्वतःच्या सॅकमधली कोरडी लोकरी विजार काढली. मी म्हटलं, मी बदलते. पण बोटांना चेनही धरता येईना. तिने ओली पँट ओढून काढली, गुंडाळली, पिशवीत भरली. वास येत असणार. तिने नजरही वळवली नाही. मी भिंतीवरच्या हरवल्या-सापडल्या वस्तूंच्या सूचनेकडे बघत उभी राहिले.

बाहेर आलो आणि समोरून तो आला. गाल लाल, खुशीत.

"अगं, होतीस कुठे? किती वाट बघितली. शेवटी मी एक राऊंड मारून पण आलो."

तो मराठीत बोलला होता, पण "राऊंड" कळायला आणि त्याचा हात लिफ्टकडे गेलेला दिसायला भाषा लागत नाही. त्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मी ओढ्यात उभी होते तेव्हा तो लिफ्टमध्ये बसून परत वर गेला होता आणि दुसऱ्या बाजूने, मोकळ्या उतारावरून मजेत खाली आला होता. मी जर्मनमध्ये त्याला थोडक्यात काय झालं ते सांगितलं. त्याचा चेहरा पडला. मग त्याने त्यांचे आभार मानले, त्याच्या त्या ऑफिसातल्या नीटनेटक्या जर्मनमध्ये. त्या माणसाने हात मिळवला आणि शांतपणे म्हणाला, "तुम्ही थांबून वर बघायला हवं होतं."

"या, या, गेनाऊ," नवरा म्हणाला, म्हणजे हो, हो, अगदी बरोबर. मीटिंगमध्ये साहेबांच्या सूचनेला म्हणतात तसं.

तो शब्द ऐकताना माझे कान तापले. पाण्यात पडल्याची, दुसऱ्याच्या विजारीत उभं असल्याची लाज एकीकडे आणि ही वेगळीच. चूक त्याची आणि तोंड लपवावंसं मला वाटत होतं. आम्ही दोघं एकच समजले जात होतो आणि मला त्याच्यापासून दोन पावलं लांब उभं राहायचं होतं.

संध्याकाळी खिचडीची ताटं वाढल्यावर सासूबाईंनी विचारलं, "काय गं, अशी गप्प का?"

तोच म्हणाला, "अगं, हिचा पाय ओढ्यात गेला. मग आम्ही बाहेर काढलं."

आम्ही. मी ताटाकडे बघत राहिले. मुलगी समोर बसली होती. तिला मराठी सगळं कळतं, पण बोलते जर्मन. ती म्हणाली, "उंड वो वार्स्ट डू, पापा?" आणि तू कुठे होतास? तिच्या आवाजात आरोप नव्हता. तिला चित्र नीट लावायचं होतं, एवढंच.

मी चटकन म्हटलं, "बाबा पुढे होता."

सासूबाईंनी चमचा खाली ठेवला. "पुढे म्हणजे कुठे?"

त्याने पाण्याचा पेला बाजूला सारला. मग म्हणाला, "लिफ्टवर. परत वर गेलो होतो. मला वाटलं ही नेहमीसारखी हळू येतेय." आणि मग त्याने सगळं सांगितलं, खाली बघत, जर्मन माणसाने काय म्हटलं तेही.

मला वाटलं सासूबाई त्याला बोलतील. त्या उठल्या, खोबरेल तेल कोमट करून आणलं आणि माझ्यासमोर जमिनीवर बसल्या.

"अहो आई, नको. माझ्या पायांना हात नका लावू."

"गप बस."

त्यांनी माझे पाय मांडीवर घेतले आणि चोळायला लागल्या. बोटं एकेक करून. वर बघतच नव्हत्या. मला आधी वाटलं रागावल्या आहेत. मग दिसलं की त्यांचेही कान लाल झालेत. आपल्या मुलाची त्यांना माझ्यासमोर लाज वाटत होती आणि मला त्यांच्यासमोर. एका माणसावरून आम्ही दोघी अशा अवघडून बसलो होतो, आणि तो माणूस स्वयंपाकघरात ताटं घासत होता. एरवी ताटं मशीनमध्ये लावतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो एकटाच बाहेर पडला. ते जोडपं त्याच गावात राहत होतं. त्याने त्यांना शोधून काढलं आणि ती जागा दाखवा म्हणाला. दुपारी माझी हरवलेली स्की घेऊन परत आला. स्की दाराशी टेकवली, बूट न काढताच पायरीवर बसला.

"मी आत बघितलं," तो म्हणाला.

"हं."

"खोल आहे गं."

"हो."

तो बुटांचे बंद सोडायला लागला. मी आणखी काही विचारलं नाही. आता वाटतं, तेव्हा मी बोलायला हवं होतं. मला भीती वाटत होती की बोलायला लागले तर ओढ्याच्या फार मागे जाईन. कुठल्या कुठल्या रस्त्यांवर, स्टेशनांवर तो पुढे आणि मी मागे होते, तिथपर्यंत.

पुढच्या हिवाळ्यात आमच्या घरी दोन-तीन मराठी कुटुंबं जेवायला आली होती. कुणीतरी स्कीइंगचा विषय काढला. मी भाजी गरम करायला उठले, कारण मला ठाऊक होतं आता काय होणार. तो गंमत करून सांगेल आणि मला हसावं लागेल. तो म्हणाला, "ही ओढ्यात अडकली होती तेव्हा मी मजेत दुसरी फेरी मारत होतो. दुसऱ्याच कुणीतरी हिला काढलं." गंमत केली नाही. एकाने हिवाळी टायरांचा विषय काढला.

माझ्या ओठांवर आलं होतं, मीच त्याला पुढे जा म्हटलं होतं. अगदी जिभेच्या टोकावर. मी भाजी टेबलावर ठेवली आणि बसले. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मी पाहिलं नाही.

नंतर पाहुण्यांतली एक बाई माझ्याबरोबर भांडी आवरायला आत आली. तिने हळूच विचारलं, "मग तू काय म्हणालीस त्याला तेव्हा?"

"काही नाही," मी म्हटलं.

ती थांबून राहिली. मला वाटतं आणखी काहीतरी ऐकायला. मी एक ताट धुवून तिच्या हातात दिलं.