अडीच तासांवरचं सासर

सकाळी सहाला पालमहून परभणीची एसटी सुटली आणि मी कागदावर पहिली वेळ टिपली. माझा लेक संजय हसायला लागला. "आई, विमानात बसायला निघालीस का कंडक्टर व्हायला?"

हसू दे. प्रश्न नातीचा, त्याच्या लेकीचा होता. पल्लवीला सेलूचं स्थळ आलेलं. मुलगा सुमेध तिकडं गुवाहाटीला कॉलेजात शिकवतो. त्याचे वडील आमच्या ओसरीवर चहा पीत म्हणाले, "अंतर कसलं आजी? हैदराबादहून विमानानं अडीच तास. पुणं लांब पडतंय तुमाला." इतकं गोड बोलणाऱ्याचा मला वहीम (संशय) येतोच. आमच्यात लेक द्यायची ती सकाळी जाऊन दिवेलागणीला परत येता येईल अशा गावी. पल्लवी म्हणाली, "आजी, तू हो म्हणलीस तरच." मग म्हटलं, आपणच मोजून येऊ.

दिवसभर रेल्वे. मुक्काम हैदराबादला, माझ्या भावाकडं. दुसऱ्या दिवशी विमानतळावर तपासणीच्या बाईनं भाकरीचं फडकं सोडायला लावलं. सोडलं, पण भाकरी मोजूनच परत बांधल्या. कुणाचं काय सांगावं!

विमान उडालं. खाली ना दगड, ना गावाची पाटी. मग अंतर खरं की खोटं, कळावं कशावरून? मी उन्हावर नजर ठेवली. दोन तास ऊन उजवीकडं होतं, ते अचानक डावीकडं आलं. मी शेजारच्या हैदराबादी बाईंना विचारलं, "सरळ जातंय म्हणता, मग ऊन का फिरलं?"

"अम्मा, उतरने के वास्ते घूमरा. तुमको फसाने के वास्ते नै!"

उतरलो. टॅक्सीची वाट, मग गर्दी. मधे ब्रह्मपुत्रा लागली. पलीकडचा काठ लवकर येईना. सुमेधच्या खोलीवर पोचलो तेव्हा साडेतीन वाजले होते. घरमालकीणबाईंनी टेंगा (माशाचं आंबट कालवण) आणि भात वाढला. चव चांगली होती, पण मी काही तसं बोलले नाही. जेवण झाल्यावर कागद पुढं केला.

"साडेबावीस तास. तुमचे वडील अडीच म्हणाले होते."

आता पोरगा सारवासारव करणार, असं मी धरूनच होते. त्यानं कागद वाचला. "आजी, हैदराबादची रात्र सोडलीत तुमी."

"ते अकरा तास झोपेचे. ते कशाला धरायचे?"

"धरा. घरून वाईट फोन आला तर पल्लवीला ती रात्र काढावीच लागंल. साडेतेहतीस झाले." त्यानं स्वतःच्या हातानं आकडा दुरुस्त केला.

परत आल्यावर मी हो म्हटलं, आणि सेलूला बैठक झाली. याद (लग्नात ठरलेल्या गोष्टींचा कागद) लिहायला घेतली, तशी मी म्हटलं, "कपड्यांच्या ओळीच्याही वर अंतर लिहा. घरापासून घरापर्यंत, साडेतेहतीस तास."

सुमेधचे वडील चिडले. "अशी याद कुणी लिहितंय का?"

"लिहा बाबा," सुमेध फोनवरून म्हणाला.

पल्लवीनं कागद घेतला, ती ओळ दोनदा वाचली. "लय लांब हाय, आजी," म्हणाली, आणि खाली सही केली.

पोरगी लांबच चालली होती. पण किती लांब, ते तिला आता पक्कं माहीत होतं.