मालकांच्या नावाचा पासवर्ड

वाडी सोडली त्या दिवशी आई पोलादपूरच्या स्टँडपर्यंत आली होती. मालकांना महाडच्या कारखान्यात काम लागलं होतं. एसटी सुटताना आई खिडकीखाली उभी राहून म्हणाली, "गो, तिकडं दाराला कुलूप लाव. हितल्यासारखी नुसती कडी नको." आमच्या वाडीत कडी असायची ती कोंबड्या आत शिरू नयेत म्हणून.

बायांनो, तुम्हाला वाटतं, महाड ते केवढंसं लांब. पण मला चाळीत कुणाशी बोलायचीही लाज वाटायची. शेजारच्या मालतीताई आपणहून वाटीभर आमटी घेऊन आल्या, तेव्हा कुठे माझं तोंड उघडलं.

आता लेक नोकरीला लागली. तिनं घरात वायफाय घेतलं, ते उघडंच राहिलं. सगळी चाळ त्याच्यावर. दर रविवारी आई दुखऱ्या गुडघ्यांनी व्हिडिओ कॉलच्या रेंजसाठी भावाबरोबर देवळाच्या माळावर चढायची, आणि इकडे तिचं चित्र अडकून मला नुसता एक कान दिसायचा.

लेकीनं मोबाईलवर राउटरची सेटिंग उघडली. 'ओपन' काढून डब्ल्यूपीए-टू केलं, म्हणजे पासवर्डचं कुलूप. म्हणाली, "आता तू आजीशी काय बोलतेस ते हवेतसुद्धा कुलूपबंद. पासवर्ड बाबांचं नाव." मी निर्धास्त झाले. मालकांचं नाव मी कधी तोंडानं घेत नाही, मग कुणाला सांगणार कशी?

दुसऱ्याच दिवशी गॅलरीत तांदूळ निवडताना मालतीताईंनी विचारलं, "पासवर्ड काय गो?"

"माझ्या तोंडून नाय निघायचा."

"म्हंजे मालकांचं नाव हाय!" बाया खिदळल्या. "मग घे की उखाण्यात!"

उखाण्याला नाही कसं म्हणायचं?

"डोंगरावरची माय दिसते काचेच्या आड,
चंद्रकांतरावांमुळे माझं घर झालं महाड."

"लागलं गो, लागलं!" मालतीताई ओरडल्या. रविवारी आईचा पुन्हा एकच कान.

लेक पोट धरून हसली. "आई, पासवर्ड उखाण्यात दिलास? आता असं नाव सांग, जे इथं कुणालाच ठाऊक नाही."

मी हळूच म्हटलं, "शेवंती."

"आजी म्हणते ते? ते लाडाचं ना?"

"लाडाचं नाय. लग्नाआधीचं. माझंच." तिनं ते एकेक अक्षर जपून टाईप केलं.

मालतीताईंचा फोन मी दुपारी लेकीकडून जोडून घेतला. आमटी विसरता येत नाही. "आता कुणाचं नाव घेतलंस गो?" असं त्या अजून चिडवतात. मी नुसती हसते.

परवाच्या रविवारी आई अख्खी दिसली. कपाळ, दात पडलेलं हसू, मागचा माळ, सगळं.

"शेवंते, जेवलीस का गो?"

मी "ओ!" केलं ते इतक्या मोठ्यानं, की भिंतीपलीकडून मालतीताईंनी विचारलं, "कुणी हाक मारली गो?"

"घरून," मी म्हटलं.