रंजीताला फोन लावायची मुभा

गोष्ट २००९ची. आलापल्लीकडच्या एका गावात रंजीता सेवा केंद्र चालवायची. तिथला संगणक लिनक्सवर चालायचा आणि इंटरनेट टेलिफोनच्या तारेवरून यायचं. मॉडेमनं नंबर फिरवायचा, कर्रकर्र करायचं, मग जोडलं जायचं. पण नंबर फिरवायची मुभा रंजीताच्या लॉगिनला नव्हती. त्यासाठी अ‍ॅडमिनचा पासवर्ड लागायचा आणि तो तालुक्याचे संगणक सांभाळणाऱ्या पवनसाहेबांकडे. ते गुरुवारी येत, जोडून देत, निघून जात. त्यांची मोटरसायकल नाल्यापलीकडे गेली न गेली तोच लाइन तुटायची. असे आठ महिने गेले. गाव म्हणायचं, पोरीला काही येत नाही.

एका सोमवारी मनकर्णा आली. तलावात मासे धरणारी बाई, लेक भाग्यश्रीचा नर्सिंगचा फॉर्म भरायला तीन तास चालत आलेली. तो शेवटचा दिवस होता. रंजीतानं साहेबांना फोन करून पासवर्ड मागितला. ते नियमात बसत नाही, गुरुवारी बघू, असं उत्तर आलं. मनकर्णा दिवस कलेपर्यंत ओसरीवर बसली आणि लेकीचे कागद पदरात बांधून उठून गेली. तिनं चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं, असं रंजीताला वाटलं.

त्याच संतापात तिनं संगणकातली मदतीची पानं उघडली. सगळी इंग्रजीत. कोश घेऊन दोन दिवस ती त्यांना भिडली. बुधवारी सापडलं: फोन लावायची मुभा असलेल्यांचा एक गट असतो. अ‍ॅडमिननं एकदा त्यात नाव घातलं की पुन्हा पासवर्ड लागत नाही.

गुरुवारी साहेब आले आणि आधीच म्हणाले, पासवर्ड मिळणार नाही.

"मले पासवर्ड नोको, साहेब. माह्यं नाव त्या गटात टाका."

तिनं पान दाखवलं. साहेबांनी एक ओळ टाइप केली. ती लॉगआउट करून पुन्हा आत आली, मॉडेमनं नंबर फिरवला, जोडलं गेलं. साहेब हसले. एवढंच होतं होय, म्हणाले.

"आठ महिने एवढंच होतं," रंजीता म्हणाली. "त्याच्यात मनकर्णाबाईच्या पोरीचं साल गेलं. तिले तुमीच जाऊन सांगा."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. रंजीता केंद्राला कुलूप लावून मोटरसायकलच्या मागच्या सीटवर जाऊन बसली. जावंच लागलं त्यांना. मनकर्णानं पाणी दिलं, ऐकून घेतलं आणि पुढचा फॉर्म कधी निघतो तेवढं विचारलं.

पुढच्या साली फॉर्म पहिल्याच दिवशी गेला, भाग्यश्रीचा नर्सिंगला नंबर लागला. रंजीताचा राग मात्र निवला नाही. तालुक्यातल्या बाकी नऊ केंद्रांना तिनं ती ओळ कागदावर लिहून पाठवली, आणि साहेबांकडून टाकून घेतली का, हे प्रत्येक केंद्राला फोन करून विचारत राहिली.