साध्या ट्रेमधलं नाणं

भिंगकाकांचा डोळा कुठे संपतो आणि भिंग कुठे सुरू होतं ते त्यांच्या बायकोलाही सांगता येणार नाही, असं गल्लीत गमतीनं म्हणत. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं नाण्यांचं छोटंसं दुकान. संग्राहक आपली खास नाणी ग्रेडिंगला, म्हणजे दर्जा ठरवून घ्यायला, कंपनीकडे पाठवण्याआधी काकांना दाखवून जात. या नाण्यांची जमीन, म्हणजे चेहऱ्याभोवतीचा मोकळा भाग, आरशासारखी लखलखीत असते आणि तिच्यावरचा चेहरा पिठूळ पांढरा. जमीन काळीभोर दिसावी, चेहरा त्यातून उठून यावा. या उठावाला धंद्यात कॅमिओ म्हणतात. काका नाणं कडेनं धरून दिव्याखाली हलकेच तिरकं करत, मग पाठही तितक्याच निगुतीनं बघत, कारण दोन बाजूंतली जी उणी असेल तीच दर्जा ठरवते. त्यांनी "पाठवा" म्हटलेलं नाणं सहसा मान मिळवूनच परत येई.

पण अलीकडे काकांच्या हातून एकही नाणं पास होईना. ज्याच्या त्याच्यावर त्यांना धुरकट जाळं दिसे, पांढरे चेहरे कळकट वाटत. "लोक नाणी कसल्या पिशव्यांत कोंबून ठेवतात कोण जाणे!" म्हणत त्यांनी गिऱ्हाइकांना झापलं. दिवा बदलला. भिंग बदललं, आणि भिंग विकणाऱ्यालाही दोन शब्द सुनावले. नाचता येईना अंगण वाकडं ही म्हण काकांना तोंडपाठ होती. ती आपल्यालाही लागू पडते, एवढंच ठाऊक नव्हतं.

अशातच शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई आल्या. वारलेल्या यजमानांचं एक नाणं त्यांनी रुमालातून बाहेर काढलं.

"ह्यांची फार इच्छा होती हो, याला एकदा दर्जा मिळावा अशी."

काकांनी बराच वेळ बघितलं आणि मान हलवली. "जाळं धरलंय, बाई. कॅमिओ मिळायचा नाही. फी फुकट जाईल."

बाईंचा चेहरा उतरला. "तुम्ही सांगताय म्हणजे प्रश्नच मिटला. मग घरी ठेवून तरी काय करू? साध्या नाण्यांच्या भावात विकून टाका."

नाणं साध्या ट्रेमध्ये गेलं.

शेवटी काकूंनी नवऱ्याला जवळजवळ ओढतच डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. "दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, काका. चांगलाच पिकलाय," डॉक्टर म्हणाले. ऑपरेशनला किती वेळ लागेल, दुखेल का, हे काकांनी विचारलंच नाही. त्यांनी विचारलं, "कधीपासून असेल?"

"वर्षभर तरी असणार."



आधी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी काम करायला परवानगी दिली त्या सकाळी काका दिव्याखाली एक नाणं घेऊन बसले. डावा डोळा मिटला, तर चेहरा शुभ्र. उजवा मिटला, तर त्याच नाण्यावर जाळं. पुन्हा पुन्हा करून पाहिलं. मग एकदम त्यांना शाळेतल्या बाई आठवल्या. त्यांनी साधा ट्रे ओढला, वरखाली केला. बाईंचं नाणं त्यात नव्हतं.

"अगं, त्या बाईंचं नाणं विकलं गेलं का गं?"

काकू हात पुसत बाहेर आल्या आणि शिवणाच्या डब्यातून मऊ कापडात गुंडाळलेलं नाणं काढून त्यांनी पुढ्यात ठेवलं. "तुम्ही दवाखान्यात होतात तेव्हा एकजण मागत होता. मी म्हटलं, हे विकायचं नाही."

"का? तुला कॅमिओतलं काय कळतं?"

"कपाळ कळतं! पण तुम्ही ते खाली ठेवून परत परत उचलत होता. वाईट नाण्याला तुम्ही दुसऱ्यांदा हात लावत नाही. इतकी वर्षं बघतेय की."

डॉक्टरांचे उपकार तर होतेच, पण काकांची जन्माची अब्रू बायकोनं दोऱ्याच्या रिळांमध्ये जपून ठेवली होती. त्यांनी तिचा ओला हात धरला. काकू म्हणाल्या, "पुरे, डोळ्यातून पाणी काढायचं नाही, डॉक्टरांनी सांगितलंय."

त्याच दुपारी काका नाणं घेऊन बाईंच्या दारात उभे राहिले. "चूक नाण्याची नव्हती, माझ्या डोळ्यांची होती. माफ करा. चेहरा अप्रतिम आहे. पाठ किंचित फिकी आहे, म्हणून अगदी वरचा दर्जा नाही मिळणार. पण कॅमिओ नक्की. फी मी भरतो, आजच पाठवू."

बाईंनी नाणं तळहातावर घेतलं. "मग हे विकलं कसं नाही गेलं?"

"आमच्या हिनं विकू दिलं नाही."

"त्यांनाही पारख आहे वाटतं?"

"नाण्यांची नाही," काका म्हणाले, "माझी आहे."

बाईंनी नाणं काकांच्या हातात परत दिलं.

"हे उद्या पाठवलंत तरी चालेल," त्या म्हणाल्या. "आज आधी घरी जा."