सखोल खिचडीचे आदेश

तात्या गद्र्यांना वर्तमानपत्राची शिसारी होती आणि त्याच्यावाचून त्यांचा दिवस उजाडत नव्हता. सकाळच्या एसटीने पेपरांचा गठ्ठा दिवेआगरच्या थांब्यावर टाकला की पहिला हात त्यांचा. आज काय ओकलेत ते बघू, असं पुटपुटत ते घरी येत, ओटीवरच्या खुर्चीत बसत आणि मोठ्याने मथळे वाचायला लागत. आत स्वयंपाकघरात त्यांच्या पत्नी, अंबिकाबाई, आपलं काम करत असत. त्या ऐकतात की नाही, हे तात्यांनी कधी पाहिलं नव्हतं. ऐकणारं कुणी असावं म्हणून ते वाचत नव्हते, चिडायला बरं पडतं म्हणून वाचत होते.

उभी हयात त्यांनी मुंबईच्या एका वर्तमानपत्रात मुद्रितशोधक म्हणून काढली. म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या बातम्यांतल्या वेलांट्या आणि उकार सुधारायचे. तिथे सभा नेहमी संपन्न व्हायची, पोलीस नेहमी कंबर कसायचे आणि चोर कायम रंगेहाथ सापडायचा. असल्या शिळ्या शब्दांच्या वेलांट्या सुधारून काय उपयोग, असं तात्यांना वाटे, पण पगार त्याचाच होता. त्या सगळ्या वर्षांत त्यांचं स्वतःचं नाव एकदाही छापून आलं नाही. आपल्याला त्याचं काही नाही, असं ते सांगत. जरा जास्तच वेळा सांगत.

निवृत्त होऊन ते गावच्या वाडीत परतले तेव्हा वाचनालयाने त्यांना बाहेरचा काळा फळा दिला. त्यावर रोज चार मथळे खडूने लिहायचे, एवढंच काम. अक्षर सुरेख, शुद्धलेखन चोख. कुणी थांबून वाचत नसे. गाव असलं अडाणी आहे म्हणून तात्या गावालाही शिव्या घालून घेत.

मग ते वादळ आलं आणि गद्र्यांची निम्मी वाडी आडवी झाली. वडिलांनी लावलेल्या पोफळी मुळासकट पडल्या होत्या. काही दिवसांनी कुणी मोठे साहेब गाड्यांचा ताफा घेऊन आले. गाडीची काच खाली करून त्यांनी वाडीकडे पाहिलं, नाकाला रुमाल लावला, काच वर केली आणि गेले. पुढे पेपर यायला लागले तेव्हा मथळा होता, ‘वादळग्रस्त वाड्यांची साहेबांकडून कसून पाहणी’. तात्यांनी तो वाचायला घेतला खरा, पण ‘पाहणी’पाशी येऊन संतापाने त्यांचा आवाजच बंद झाला. तेवढ्यात आतून अंबिकाबाई म्हणाल्या, “फोडणी करपली वाटतं.”

त्या दिवशी फळ्यावर आलं, ‘वादळग्रस्त वाड्यांची साहेबांकडून कसून फोडणी’.

घरावर पत्रा नव्हता, वीज नव्हती, तरी लोक त्या फळ्यापुढे उभे राहून हसले. पोट धरून हसले. तात्यांना उमेदीत कुणी असं वाचलं नव्हतं.

तिथून पुढे तीच रीत पडली. तात्या मथळा वाचत, शिळ्या शब्दापाशी थांबत आणि आतून जो शब्द कानावर पडेल तो त्या जागी बसवत. एकदा अंबिकाबाई ताकाचं विचारत होत्या, त्या दिवसापासून फळ्यावरचं प्रत्येक आश्वासन ताक झालं. ‘ताक देऊन मंत्री परतले.’ ‘नुसत्या ताकावर किती दिवस काढायचे, मच्छीमारांचा सवाल.’ एकदा त्या आत पुटपुटल्या की आज खिचडीच टाकावी, आणि गावाने वाचलं, ‘धान्य प्रकरणी सखोल खिचडीचे आदेश’. निषेधाच्या जागी ठसका आला. त्यानंतर विरोधी पक्षाने किती वेळा तीव्र ठसका व्यक्त केला याला गणती नाही.

शनिवार-रविवारी समुद्रावर येणारे पाहुणे फळ्याशेजारी उभे राहून फोटो काढू लागले. त्यांतल्या निम्म्यांना विनोद कळत नसे आणि उरलेल्यांना वाचता येत नसे, असं तात्यांचं मत होतं. पण फोटोत ते उभे राहत. तुम्हाला हे सुचतं कसं, असं कुणी विचारलं की खडू लागलेली बोटं झटकत म्हणत, “सुचतं. त्यात काय.”

घरातून शब्द येतात हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात आहे असं त्यांना वाटलंही नाही. वारा आला तर शीड उभारणारा खलाशी महत्त्वाचा, वारा नव्हे. अंबिकाबाई आपल्या डब्या-भांड्यांशी बोलत होत्या. त्याला अर्थ आणला तात्यांनी.

सत्काराचा शब्दही असाच आला. जिल्ह्याच्या पानावर रोज कुणा ना कुणाचा सत्कार असे. तात्या वाचत होते, ‘गुणवंतांचा सत्कार’, आणि आतून आवाज आला, “झाकण कुठं गेलं मेलं?” तात्या खुर्चीतून उठूनच उभे राहिले. झाकण! माणूस उकळायला लागला, उतू जाईल अशी भीती वाटली की त्याच्यावर शाल टाकायची. मग तो आतल्या आत शिजतो आणि बाहेरच्यांना ओटा पुसावा लागत नाही. चहाच्या टपरीवर त्यांनी हे तत्त्वज्ञान सगळ्यांना ऐकवलं आणि वर सांगितलं की माझं झाकण करायला कुणी आलं तर नारळ त्याच्याच टाळक्यात फोडीन.

आता शिवदासबद्दल. शिवदास हा गावचा पुढारी. रस्ता असो, जेटी असो, हळदीकुंकू असो, फलकावर त्याचा हात जोडलेला फोटो असायचाच. वाचनालयाचाही तोच अध्यक्ष. त्याच्या हातात पुस्तक दिलं तर तो त्याने वारा घेईल. जिल्ह्याच्या पानावर छापून आलं, ‘शिवदासभाऊंच्या प्रयत्नांतून गावात विकास येणार’. अंबिकाबाई तेव्हा फोनवर बहिणीशी तिच्या जावयाबद्दल बोलत होत्या. फळ्यावर आलं, ‘शिवदासभाऊंच्या प्रयत्नांतून गावात जावई येणार’. पुढच्या आठवड्यात, ‘जावयाच्या आड येणाऱ्यांची गय नाही’. मग, ‘निधीअभावी जावई रखडला’. महिनाभरात अख्खा गाव शिवदासला पाठीमागे सासरे म्हणायला लागला आणि शाळेतली पोरं तर तोंडावर.

दुसरा कुणी असता तर फळा फोडून मोकळा झाला असता. शिवदास पुस्तक वाचत नसला तरी माणूस वाचायचा. तो एका दुपारी तात्यांच्या ओटीवर येऊन बसला, पाणी मागून प्याला आणि म्हणाला, “तात्या, तुमची पंच्याहत्तरी हाय. गावानं तुमचा सत्कार करायचं ठरवलंय. न्हाय म्हनू नका.”

वाचनालयासाठी विजेचा फलक आणला होता. त्याच्यावर लाल अक्षरं सरकतात. सत्काराच्या दिवशी तात्यांच्याच हस्ते त्याचं उद्घाटन होणार होतं. मग त्यांनी या वयात उन्हात उभं राहायचं कारण नाही, बातम्या निकेत मोबाइलवरून टाकील. निकेत म्हणजे शिवदासचा भाचा, ज्याने जन्मात ‘हार्दिक’ची वेलांटी बरोबर घातली नव्हती. जुना फळा दुसऱ्या दिवशी उतरवायचा, भिंतीला रंग द्यायचा आहे, हेही शिवदासने जाता जाता सांगितलं.

तात्यांना सगळं कळलं. इतकं स्वच्छ झाकण त्यांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं. नारळ फोडायला टाळकंही समोरच होतं. पण शिवदास म्हणाला, पत्रिकेवर तुमचं नाव मोठ्या अक्षरात येईल, जिल्ह्याच्या पानावर फोटोसकट बातमी येईल. छापून येईल. तात्यांना ते हवं होतं. लाज वाटावी इतकं हवं होतं.

“बघू,” ते म्हणाले. शिवदासला तेवढं पुरलं.

तो गेल्यावर अंबिकाबाई दारात आल्या. “फळा काढणार म्हणतो तो?”

“काढेना. लाकडाची फळी ती.”

“मग सकाळी वाचणार कशासाठी?”

तात्यांना खोट काढलेली सोसत नसे, त्यातून ती खरी असली म्हणजे तर नाहीच. ते म्हणाले, “तुला त्यातलं काय कळतं? तू आपली भांडी सांभाळ.”

त्या आत गेल्या. भांड्याचा आवाज झाला नाही.

सत्कार व्हायचा तसाच झाला. मांडव अर्धा रिकामा, पुढच्या खुर्च्यांवर शिवदासची माणसं, भोंगा मधेच कोकलणारा. ज्याच्या वाडीत नारळांचा खच पडतो त्या माणसाला गावाने नारळ दिला. शाल इतकी भडक होती की ती पांघरून वाडीत गेलं असतं तर माकडं पळाली असती. भाषण करणाऱ्याने तात्यांना थोर पत्रकार करून टाकलं आणि तात्यांनी ते दुरुस्त केलं नाही. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढलेला माणूस स्वतःबद्दलची ढळढळीत चूक ऐकत मान डोलवत बसला. मग त्यांनी कळ दाबली आणि नव्या फलकावर लाल अक्षरं सरकली, ‘हार्दीक अभीनंदन’. तेही त्यांनी गिळलं.

त्यांना बोलायला सांगितलं. इतके चपखल शब्द सुचतात कुठून, असं शिवदासनेच माइकवर विचारलं. तात्यांनी शाल सावरली. बायकांच्या रांगेत अंबिकाबाई त्यांच्याकडेच बघत होत्या.

“माझे मलाच सुचतात,” तात्या म्हणाले. “लेखणी हातात धरून केस पांढरे केलेत. बाकी त्यात कुणाचं काही नाही.”

टाळ्या झाल्या. टाळ्यांतच अंबिकाबाई उठून गेल्या. दूध तापत ठेवलं असेल, असं तात्यांना वाटलं.

चहापाणी आटोपून ते शाल-नारळासकट परत निघाले, तर वाचनालयाच्या कोपऱ्यावर माणसं जमली होती. नव्या फलकाकडे सगळ्यांची पाठ होती. माणसं जुन्या फळ्याकडे बघून हसत होती, वादळानंतर हसली होती तशीच. तात्या आले तसं हसू दबलं आणि वाट मोकळी झाली.

फळ्यावर एकच ओळ होती. ‘ज्येष्ठ मुद्रितशोधक तात्या गद्रे यांचे झाकण थाटात संपन्न’.

अक्षर त्यांच्या ओळखीचं होतं. स्वयंपाकघरातल्या डब्यांवर, जिरे, मोहरी, हिंग, असं रोज दिसणारं. तात्यांनी सवयीने आधी चूक शोधली. ‘ज्येष्ठ’ शंभरातले नव्वद लोक चुकवतात. इथे बरोबर होतं. ‘मुद्रित’ची वेलांटी बरोबर होती. थोर पत्रकारसुद्धा म्हटलं नव्हतं. जे होते तेच लिहिलं होतं.

तिथे उभ्या उभ्या त्यांना आठवलं की सखोल खिचडीच्या दिवशी पानात खिचडी नव्हती. भाकरी होती आणि अळूचं फदफदं. ते जेवताना फळ्यावरच्या हशाबद्दलच सांगत होते आणि अंबिकाबाई वाढत होत्या. ठसका लागला म्हणाल्या त्या दिवशी तव्यावर मिरच्या नव्हत्या. आणि त्या पहिल्या सकाळी, वादळानंतर, गॅस संपून चार दिवस झाले होते, चूल भिजलेली होती. करपायला फोडणी होती कुठे?

पुसायला उचललेला हात त्यांनी खाली घेतला. नारळ फळ्याखाली ठेवला आणि घरी गेले. अंबिकाबाईंनी पान वाढलं.

दुसऱ्या दिवशी तात्यांनी पेपर आणला. आतल्या पानावर त्यांचा फोटो होता, खाली नाव, ‘गद्रे’ऐवजी ‘गर्दे’. त्यांनी ते पान उलटलं. वाडीत पंप चालू झाला होता. वाचनालयाकडून फळा उतरवणाऱ्यांच्या हातोड्याचा आवाज येत होता. फळा नव्हता तरी ते खुर्चीत बसले आणि त्यांनी पहिला मथळा मोठ्याने वाचला, “किनाऱ्याच्या प्रश्नावर लवकरच ठोस...”

तिथे ते थांबले. आत पाट्यावर खोबरं वाटण्याचा आवाज येत होता, म्हणजे त्या तिथेच होत्या. तात्यांनी मथळा पुन्हा वाचला, जरा मोठ्याने, आणि त्याच शब्दापाशी पुन्हा थांबले.

वाटण चालू राहिलं.