उताणे काका

हॉलच्या दिव्याचं माप घ्यायला आमच्या घरी पहिल्यांदा आले त्या दिवशी त्यांनी टेप काढली नाही की वही काढली नाही. चपला दाराबाहेर ठेवल्या, हॉलच्या मधोमध गेले आणि सरळ फरशीवर उताणे झोपले. मी नुकतीच ठाण्याच्या ऑफिसातून येऊन टेकले होते, पायांचे तुकडे पडले होते, आणि समोर एक पासष्टीचा अनोळखी माणूस पोटावर हात ठेवून छताकडे बघत पडलेला! म्हटलं, याला चक्कर तर नाही ना आली? तर ते खालूनच म्हणाले, "मॅडम, उभं राहून लाइट कोण बघतं? माणूस वर बघतो ते पाठ टेकल्यावर." त्या दिवसापासून आमच्याकडे त्यांचं नाव उताणे काका पडलं.

विठ्ठलवाडीला त्यांचा गाळा होता. जुन्या धाटणीचे छताचे दिवे ते घराघराप्रमाणे, हाताने करून द्यायचे. पितळी साखळ्या, रंगीत काचा, वेलबुट्टीच्या कड्या. सगळं नवंकोरं. मग कसलंसं उग्र वासाचं पाणी फासून ते पितळ काळवंडवायचं, म्हणजे गिऱ्हाईक खूश. ऑर्डर घेताना पहिला प्रश्न ठरलेला, "किती वर्षांचं करू?" आमच्या यजमानांनी हौसेने साठ सांगितलं. "साठ वर्षं म्हणजे पंधरा दिवस लागतील," काका म्हणाले. चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही.

खरं सांगते, मला त्या दिव्याचं काडीचं कौतुक नव्हतं. डोंबिवलीतला आमचा फ्लॅट, नऊ फुटांवर स्लॅब, त्यात कसली आलीयत झुंबरं! शिवाय खुबा मोडल्यापासून माझी आई आतल्या खोलीत पडून होती. ऑफिस, येणं-जाणं, तिचं अंग पुसणं, कूस बदलणं, यात माझा पार पिट्टा पडला होता. दिवा जुना दिसतो की नवा, हे बघायला मान वर करायचंही त्राण नव्हतं.

त्यात आईने एक नवाच धोशा लावला होता. "वर हंडी लाव गं." छताकडे बोट दाखवून, दिवसातून दहादा. छताला हंडी? घरात काय गोविंदा आणायचा होता? डॉक्टर म्हणाले, वयाने होतं असं, वाद घालू नका. मग मी वाद सोडला. "हो हो, लावते हं," म्हणायचं आणि चादर सारखी करायची. लहान मुलाची समजूत घालतात ना, तशी. असे तीन महिने गेले.

काका हॉलचा दिवा बसवायला आले, तेव्हा आतून तिचा आवाज आला. ते शिडीवर थांबले. "आई काय म्हणतायत?"

"काही नाही हो काका. भ्रम झालाय तिला. हंडी हंडी करत असते."

काका शिडी उतरून खाली आले. "भ्रम कसला, मॅडम? बरोबर बोलतायत त्या. हंडी म्हणजे लाइटची. दुधी काचेची, गोल, तीन साखळ्यांना टांगलेली. आता सगळ्यांना बाटलीतले बल्ब पाहिजेत. हंडी म्हणणारं माणूस मला किती वर्षांनी भेटतंय!"

ते आत गेले आणि पलंगाशेजारी, खाली फरशीवर, आडवे झाले. दोघंही छताकडे बघत. "कुठली हंडी, आई? पितळी काठाची?"

आणि आई बोलायला लागली. सलग, नीट, इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच. ती नर्स होती. ठाण्यातल्या ज्या बाळंतपणाच्या दवाखान्यात तिची उमेदीची वर्षं गेली, तिथे टेबलाच्या वर तसली हंडी होती. कळा सोसवेनाशा झाल्या की ती बायकांना सांगायची, डोळे मिटू नकोस, त्या हंडीकडे बघ. "नजर एका जागी ठरली की बाई टिकते हो," आई म्हणाली. "मलाही फार दुखतं. आणि वर बघावं तर हा मेला चौकोन." चौकोन म्हणजे मी मोठ्या हौसेने बसवलेलं एलईडी पॅनेल. मी दारात उभी होते. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

काकांनी कल्याणच्या कुठल्याशा भंगारवाल्याकडून खरी दुधी काच शोधून आणली. तिला जुनं करायची गरजच नव्हती. हंडी त्यांनी छताच्या मधोमध नाही लावली. आईच्या पायांच्या बाजूला, जरा खाली लावली, म्हणजे मान न ताणता दिसेल आणि उजेड डोळ्यांत घुसणार नाही. त्यासाठी दोनदा उठून पुन्हा आडवे झाले. आई कितीतरी वेळ बघत राहिली. मग तिने विचारलं, मला नाही, त्यांना: "म्हणजे मला वेड नाही ना लागलेलं?"

"छे हो! शब्द तेवढा जुना. तुम्ही ठणठणीत," काका म्हणाले. आई हसली. मला मात्र तिच्या नजरेला नजर देववेना.

त्यानंतर ती चार महिने होती. पुष्कळ बोलली, मीही दमलेली असले तरी बसून ऐकलं. ती गेल्यावर महिन्याभराने काका भेटायला आले. गाळा सोडला, गावी जातोय, डोळ्यांना आता बारीक काम झेपत नाही, म्हणाले. ती आमची शेवटची भेट. माझा बांध तेव्हा फुटला. "काका, ती नीट सांगत होती हो. आणि मी पोटची पोरगी, तिला वेडी समजत होते."

मला वाटलं, जाऊ द्या मॅडम, असं काहीतरी म्हणतील.

"तुम्हाला कळलं तरी," ते म्हणाले. "आमची ही जायच्या आधी रोज म्हणायची, मागचं दार लावा. आमच्या खोलीला मागचं दारच नाही, मॅडम. मी म्हणायचो, लावलं, झोप आता. कुठलं दार, ते मी विचारलंच नाही."