मधल्या रेघेअलीकडे

आमच्या भागात बास्केटबॉल खेळण्यासाठी पगार घेणारा पहिला माणूस मी. हे मोठेपणासाठी सांगत नाही, त्यात मोठेपणा काडीचा नाही. टोपलीत चेंडू टाकायच्या खेळावर मी सात वर्षं पोट भरलं आणि त्या सात वर्षांत टोपलीत एकही चेंडू टाकला नाही. प्रयत्न एकदाच केला. त्याची गोष्ट ऐकून लोक हसतात, तेव्हा मीही हसतो. न हसून सांगतो कोणाला?

नवापूरजवळच्या आमच्या डोंगरी गावातून मी मिशनच्या शाळेत आलो. तिथले पादरीबाबा गोरे, उंच आणि जन्मात कुठलाही खेळ न खेळलेले. तरी मुलांना शिस्त लागावी म्हणून खेळ पाहिजे, असं त्यांच्या मनाने घेतलं. त्यांच्या मडमबाईंच्या पेटीत एक पातळ पुस्तक होतं. त्याचं कव्हर आणि पहिली पानं वाळवीने खाल्ली होती. उरलेल्या पानांत या खेळाचे नियम होते. बाबांनी ते वाचले आणि दुसऱ्या दिवशी मैदानावर चुन्याच्या रेघा मारल्या. बुरूड मात्र बिनबुडाची टोपली विणायला तयार होईना. बूड नसलेली टोपली दारात आली की घरात काही टिकत नाही, असं त्याचं म्हणणं. शेवटी बाबांनी मोहाची फुलं वेचायच्या दोन टोपल्या घेतल्या, स्वतः त्यांची बुडं कापली आणि सागाच्या दोन खांबांना बांधल्या. साऱ्या प्रकरणात शहाणा माणूस एकच होता, तो बुरूड.

पुस्तकाप्रमाणे मैदानाच्या मध्यावर एक रेघ. पुढच्या गड्यांनी रेघेपलीकडे राहून समोरच्या टोपलीत चेंडू टाकायचा. मागच्यांनी, म्हणजे गार्डांनी, अलीकडे राहून आपल्या बाजूची टोपली राखायची आणि काही झालं तरी रेघ ओलांडायची नाही. मला गार्ड केलं. का, तर लहानपणी मी माळ्यावर बसून ज्वारी राखली होती, हे बाबांना कुणीतरी सांगितलं. डोंगरातलं पोर राखणीलाच चांगलं, हा शोध त्यांना फार आवडला. पाखरं हाकणं आणि माणूस अडवणं यात फरक असतो, हे त्यांना कोण सांगणार?

पण खोटं कशाला बोलू, मी चांगला गार्ड होतो. माझ्यावरून चेंडू घालणं कठीण होतं. बाकीचे चेंडूकडे बघायचे, मी समोरच्याच्या कमरेकडे बघायचो. हात फसवतात, डोळे फसवतात, कंबर फसवत नाही. ती जिकडे वळली तिकडे माणूस जाणारच. चेंडू हातात आला की तो पुढच्या गड्याकडे फेकायचा आणि पुन्हा टोपलीखाली येऊन उभं राहायचं. पुढच्याने टोपलीत टाकला की लोक त्याला खांद्यावर घेत. मला कधी कुणी खांद्यावर घेतलं नाही. ज्याने काही होऊ दिलं नाही त्याची मिरवणूक निघत नसते.

शाळा सुटली तेव्हा नंदुरबारच्या एका जिनिंगवाल्या शेटजींना या खेळाचं वेड लागलं होतं. सुरतेच्या गिरण्यांचे संघ त्यांनी पाहिले होते आणि आपलाही संघ पाहिजे म्हणून हटून बसले होते. स्वतः शेटजी चार पायऱ्या चढले की धापा टाकायचे. त्यांनी मिशनच्या मैदानावर येऊन बैल बघावेत तसं आम्हाला बघितलं. दंड दाबले, चालायला लावलं. दात तेवढे बघायचे राहिले. आमच्यातले पाच-सात जण उचलले आणि जिनात हजेरीवर लावले. काम सरकी उचलायचं, पण संध्याकाळी चार वाजले की खेळ. आसपासच्या गावांनी आमचं बघून संघ काढले. खेळ आमच्याकडून शिकले, तेव्हा रेघही आमच्याकडूनच शिकले.

मला त्या खेळातून हवं होतं एवढंच: पक्की नोकरी. जिन चालायचं कापसाच्या हंगामापुरतं. हंगाम सरला की नावं कापायची, दिवाळीनंतर पुन्हा लावायची. माझे वडील मी लहान असतानाच गेले. आई दरवर्षी गाठोडं बांधून टॅप्टी लाइनच्या गाडीने सुरतेकडे जायची, कुणाचं गवत कापायला, कुणाचा कापूस वेचायला. महिनोन्‌महिने उघड्यावर राहायची. परत यायची तेव्हा दर खेपेला थोडी कमी होऊन यायची. शेटजींच्या गोदामात बारमाही कारकुनाची एक जागा होती आणि तिच्यासोबत राहायला एक खोली. सुरतेचा कप आणला तर ती जागा तुझी, असं शेटजींनी सातव्या वर्षी चारचौघांत सांगितलं होतं. आईने त्या वर्षी गाठोडं बांधलं नाही. मी तिला बांधू दिलं नाही.

सुरतेला आम्ही प्रथमच गेलो होतो. कपाच्या सामन्याच्या सकाळी पंचांनी दोन्ही संघांना बोलावून नियम सांगितले. मी मधल्या रेघेबद्दल विचारलं. पंच माझ्याकडे बघतच राहिले. मग म्हणाले, तो नियम मुलींच्या खेळाचा आहे, पुरुषांत सगळे सगळीकडे पळतात. समोरचे गिरणीवाले पोट धरून हसले. आमच्याबरोबर आलेले शेटजींचे मुनीम त्यांच्याबरोबर हसले. ते कोणाच्याही बाजूने हसू शकत. शेटजींनी मात्र अशी मान हलवली जणू त्यांना हे आधीपासून ठाऊक होतं. ज्या माणसाला खेळातलं ओ की ठो कळत नाही, त्याला सगळं आधीच ठाऊक असतं.

सामना सुरू झाला. नियम सकाळी बदलला, पाय कुठे इतक्यात बदलतात? रेघ आली की आमचे गडी दावं संपलेल्या बैलासारखे थांबायचे. लोक टाळ्या पिटून हसायचे. गिरणीवाले पाचही जण आमच्यावर चालून यायचे आणि आम्ही दोघं गार्ड त्यांना अडवायचो. तरी आम्ही टिकलो. त्या दिवशी मी जसा खेळलो तसा कधी खेळलो नव्हतो. शेवटच्या मिनिटाला गुण बरोबरीत होते.

त्यांच्या गड्याची कंबर डावीकडे वळली, मी हात घातला, चेंडू माझ्या हातात आला. ते पाचही माझ्या मागे राहिले होते. पुढे कुणी नव्हतं, आमचे पुढचे गडीसुद्धा एव्हाना रेघ विसरून मदतीला मागे आले होते. रेघेशी येऊन मी थांबलो. शेटजी खुर्चीवर उभे राहून ओरडत होते, "जाय, पुढे जाय." मी गेलो. रिकामं मैदान ओलांडून टोपलीखाली जाऊन पोचलो, वर बघितलं आणि मला कळलं की पुढे काय करायचं असतं ते मला माहीतच नाही. किती जोर, किती उंच, एक हात की दोन, काहीच नाही. मी चेंडू फेकला. तो टोपलीला लागला नाही, मागच्या फळीलाही लागला नाही. फळीवरून पलीकडे बायकांच्या बैठकीत जाऊन पडला. तो परत आला तेव्हा ताबा त्यांचा होता. आम्ही अजून हसण्याच्या आवाजातच उभे होतो तोवर त्यांनी आमच्या टोपलीत टाकलाही.

शेटजी माझ्याजवळ आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "तुले कोनी सांगेल व्हतं रे पुढे जावाले?"

मी गप्प बसलो. त्याची लाज मला चेंडू चुकल्यापेक्षा जास्त वाटते. गोदामातली जागा त्यांच्या भाच्याला मिळाली. त्याला वजनकाटा वाचता येत नव्हता, पण मामा वाचता येत होता. पुढच्या हंगामात माझं नाव पुन्हा लागलं नाही.

सुरतेहून नवापूरला परतल्यावर मी आधी मिशनमध्ये गेलो. बाबा गावोगाव फिरायला गेले होते. मडमबाई व्हरांड्यात होत्या. त्यांना पुस्तकाचं विचारलं. त्या शांतपणे म्हणाल्या, पुस्तक मुलींच्या शाळेचंच होतं. पहिल्याच वर्षी त्यांनी बाबांना सांगितलं होतं. बाबांचं म्हणणं पडलं की मुलं रेघ पाळायला शिकली आहेत, आता बदललं तर शिस्त बिघडेल. म्हणजे शाळेपासून इतकी वर्षं आम्ही जी पाळली ती एका माणसाची आळशी अब्रू होती. मी त्या दिवशी बाबांबद्दल मनात जे बोललो ते प्रार्थनेच्या पुस्तकात सापडायचं नाही.

चार दिवसांनी आई गाठोडं घेऊन निघाली. हंगाम अर्धा सरला होता, आता मिळेल ते काम घ्यावं लागणार होतं. मी तिला स्टेशनवर सोडायला गेलो. फलाटावर बसून तिला सगळं सांगितलं: शेटजी, मुनीम, पंच, बाबा, वाळवी. एकेकाची सालं काढली. ती ऐकत राहिली. तिने तो खेळ एकदाच पाहिला होता, मिशनच्या कुंपणाबाहेर उभी राहून. गाडीचा धूर दिसायला लागला तेव्हा ती आमच्या बोलीत म्हणाली, "पण तू रोज ज्या टोपलीखाली उभा असायचास, तीही टोपलीच होती ना? कुणी नसताना तिच्यात टाकून बघायचं होतंस."

त्या टोपलीत टाकायचं ते समोरच्यांनी, असं मी म्हणणार होतो. तोंड उघडलंसुद्धा. तेवढ्यात गाडी आली, आई गाठोडं डोक्यावर घेऊन बायकांच्या डब्याकडे गेली, आणि मी फलाटावर मागे राहिलो.